आल्प्सचा तह

पर्वत अचल आणि प्रवासी चल, असा जगाचा शिरस्ता असला, तरी पन्नाशी ओलांडलेल्या दांपत्याने आल्प्सच्या सहलीचा बेत आखावयास घेतला की तो शिरस्ता उलटा होतो. प्रवासी जागच्या जागी बसून राहतात आणि पर्वत घरभर हिंडू लागतो. आमच्या घरी तो प्रथम नकाशाच्या रूपाने दिवाणखान्याच्या भिंतीवर प्रकट झाला. तेथून जेवणाच्या टेबलावर उतरून त्याने लोणच्याच्या बरणीला कोपऱ्यात लोटले. आणि हल्ली रात्री दिवा मालवल्यानंतरही तो दोन उशांच्या मध्ये ठाण मांडून असतो. परवा तर अर्धवट झोपेत सौभाग्यवतींनी "इन्सब्रुकला आंघोळीला बादली मिळते का हो?" असा सवाल केला आणि उत्तराची वाट न पाहता त्या कुशीवर वळल्या.

या साऱ्या उपद्व्यापाचे मूळ माझ्या लोभात नसून भूगोलात आहे. सुमारे बाराशे किलोमीटर लांबीचा हा पर्वत एकाच राष्ट्राच्या मालकीचा असता, तर माणूस तेथे जाऊन, बर्फात उभा राहून, छायाचित्र काढून सुखरूप परत आला असता. परंतु फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिखटेनस्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया अशा आठ राष्ट्रांनी त्याची वाटणी करून घेतली असल्यामुळे, ज्याने सारी उमेद सदनिकेच्या हप्त्यांत आणि मुलांच्या शिकवण्यांत खर्ची घातली, आणि ज्याच्या पासपोर्टात आजवर सिंगापूरखेरीज एकही शिक्का उमटलेला नाही, अशा मनुष्याच्या मनात एकाच भाड्यात आठही राष्ट्रे पदरात पाडून घेण्याची वासना उत्पन्न झाली, तर त्यास कोणत्या तोंडाने दोष द्यावा? तरीही संयम म्हणून मोनॅकोचे नाव मी पहिल्याच मसुद्यातून आपण होऊन गाळले. तेथील द्यूतगृहाची कीर्ती सौभाग्यवतींच्या कानी गेलेली होती, हे कारण गौण समजावे. उरलेल्या सात राष्ट्रांत न्याहारी एकात, दुपारचे भोजन दुसऱ्यात आणि शयन तिसऱ्यात, अशा हिशेबाने मी जो मसुदा तयार केला, तो आगगाड्यांच्या वेळापत्रकाच्या दृष्टीने निर्दोष होता, हे म्युनिकला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानेही कबूल केले. मात्र लगोलग त्याने असेही विचारले, की "मामा, तुम्ही डोंगर बघायला येताय की शिरगणती करायला?"

मसुदा छाननीसाठी रुजू झाला. सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो आरंभापासून अखेरपर्यंत वाचला, मध्ये एकदा उठून कुकरची शिट्टी बंद केली, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, "छान आहे. फक्त एवढंच सांगा, कपडे कुठं वाळणार?"

हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासला, तरी त्याच्या पोटात सबंध मोहिमेचा निकाल दडलेला होता. थंड मुलुखात धुतलेला सुती कपडा वाळावयास एक रात्र आणि दुसरा बराचसा दिवस खातो. सबब ज्या मुक्कामी एकच रात्र काढावयाची, तेथून ओले कपडे पिशवीत कोंबूनच निघावे लागणार, आणि ते ओले बोचके तीन सरहद्दींपार वाहून नेल्यावर त्यास जो वास सुटेल तो कोणत्याही हिमशिखराच्या दर्शनाने उतरणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी कपाटातून एक जुनी कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. तीत हिरव्या नायलॉनच्या दोरीचे भेंडोळे होते, दोन्ही टोकांस खिडकीच्या कडीत अडकविण्याजोगे फास आधीच मारलेले होते, आणि चिमटे झाडून सारे लाकडी होते, कारण प्लॅस्टिकचे थंडीत तडकतात. एवढी सिद्धता पाहून मी वाद आवरता घेतला. कोणताही मुक्काम तीन रात्रींहून कमी असू नये, असे कलम तत्काळ मंजूर झाले, आणि त्या एका कलमाखाली स्लोव्हेनिया आपल्या ब्लेड सरोवरासह निमूटपणे बुडाले.

त्यानंतर गुडघ्यांचा विषय निघाला. तो निघणारच होता. आमच्या घरात दोघांचे मिळून जे चार गुडघे आहेत, त्यांपैकी भरवशाचे किती याविषयी मतभेद आहेत. अशा समयी मी इतिहासाचा आधार घेतला. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर, ३,२१० मीटर उंचीवर, सुट्टीत भटकावयास आलेल्या झिमोन नावाच्या प्रौढ जर्मन पतिपत्नीस बर्फातून अर्धे वर आलेले एक प्रेत दिसले, आणि ते सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचे निघाले. तोच हल्ली ‘ओत्झी’ म्हणून विख्यात असलेला हिममानव. ऑस्ट्रियाच्या अंमलदारांनी त्यास इन्सब्रुकला नेले. पुढे हद्दीची रीतसर मोजणी झाली तेव्हा तो सुमारे ९३ मीटरांनी इटलीत पडला होता असे ठरले, आणि १९९८ साली त्याची रवानगी इटलीतील बोल्त्सानोच्या संग्रहालयात झाली. सांगावयाचे तात्पर्य, त्याचे वय मृत्यूसमयी पंचेचाळीसच्या सुमाराचे होते, सांधे झिजलेले होते, आणि कंबर, गुडघे व घोटे यांवर जे गोंदण आढळले ते सांधेदुखीवरील उपचारच असावेत असे काही संशोधकांचे मत आहे. "म्हणजे पाहा," मी म्हणालो, "आपल्याच वयाचा, आपल्याच दुखण्याचा माणूस, शेंगेन व्हिसाविना आल्प्स चढून गेला, आणि त्याला शोधून काढणारं जोडपंही तरुण नव्हतं."

"त्याला बाण पाठीमागून लागला होता ना?" सौभाग्यवतींनी विचारले.

लागला होता खरा, डाव्या खांद्यात.

"मग तोही असाच पुढंपुढं पळत असणार," त्या म्हणाल्या.

यावर इतिहासाचा एक दाखला निष्फळ ठरला म्हणून मी दुसरा काढला. झुरिकचा उद्योगपती आडोल्फ ग्वायर-त्सेलर हा १८९३ च्या ऑगस्टात, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, आपल्या कन्येसह डोंगरात फिरत असता समोरच्या युंगफ्राऊकडे पाहून त्याच्या मनात आले, की आयगरच्या पोटातून बोगदा खणून वर आगगाडी न्यावी. आणि त्याच रात्री त्याने कागदावर तिचा मार्ग रेखाटला. १८९६ साली काम सुरू झाले. मध्यमवयीन माणसाच्या सुट्टीतील बेताचे फळ किती उत्तुंग असू शकते हे बिंबविणे एवढाच माझा हेतू होता. परंतु पुढची हकिकतही सांगणे ओघानेच आले. ग्वायर-त्सेलर १८९९ साली वारला. गाडी १९१२ साली ३,४५४ मीटरांवरच्या युंगफ्राऊयोख या खिंडीपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली. ४,१५८ मीटरांच्या शिखरापर्यंत जाण्याचा मूळ मनसुबा द्रव्याअभावी कागदावरच राहिला. सौभाग्यवती काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला बेत कापावा लागला, आणि कापलेलासुद्धा बघायला मिळाला नाही. आपण पुढच्या वर्षी वगैरे काही नको. याच उन्हाळ्यात जाऊ." माझ्या वकिलीचे श्रेय मला मिळाले नाही, तरी दावा अनपेक्षितपणे पदरात पडला. या गाडीच्या तिकिटाचा दर उन्हाळ्यात दरडोई दोनशे फ्रँकांवर जातो ही बाब मी त्या क्षणी पटलावर मांडली नाही.

खरा तंटा तोडला तो व्हिसाच्या अर्जाने. मोझेल नदीवरील शेंगेन गावी, एका नौकेवर, १४ जून १९८५ रोजी पाच राष्ट्रांनी जो करार केला, त्याच्या पोटी आज युरोपातील बहुतेक सरहद्दींवरचे चौकी-पहारे उठले आहेत. युरोपीय संघात नसलेले स्वित्झर्लंडही २००८ साली त्यात सामील झाले. एकच व्हिसा साऱ्यांना चालतो, यात प्रवाशाची सोय असली, तरी मजसारख्याची जी हानी आहे तिचा विचार त्या नौकेवर कोणी केलेला दिसत नाही, कारण अंतर्गत सरहद्दींवर पासपोर्टावर शिक्काच पडत नाही! माणसाने सात राष्ट्रे पालथी घातली काय नि एकाच बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले काय, दप्तरी पुरावा एकच. आता तर ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेशाच्या नि निर्गमनाच्या शिक्क्यांचीही गच्छंती सुरू झाली असून त्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची छबी यंत्रात जमा होते. ज्या कागदी वैभवासाठी मी एवढा अट्टहास मांडला होता, ते असे युरोपीय संघाने परस्पर जप्त केले.

त्यातच अर्जाचे फर्मान असे, की मुख्य गंतव्य कोणते ते लिहा. ज्या राष्ट्रात सर्वांत अधिक दिवस राहावयाचे त्याच्याच वकिलातीकडे अर्ज करावा. सर्वत्र मुक्काम सारखाच असेल तर जेथे प्रथम पाऊल पडेल तेथे. मी समन्यायाने सर्वांस सारख्या रात्री वाटल्या होत्या. सौभाग्यवतींनी मात्र पहिल्या वाक्यावर बोट ठेवले आणि ते हलविले नाही. जेथे खाली दरी, वर युंगफ्राऊ, आणि कड्यावरून जवळजवळ तीनशे मीटर खाली येणारा धबधबा, त्या लाउटरब्रुनेन गावी आपण सर्वांत जास्त राहू, त्यात ढगांसाठी काही दिवस राखीव ठेवू आणि पायऱ्या आगगाडीस चढू देऊ, असा त्यांचा निवाडा झाला. अर्जावर स्वित्झर्लंड लिहिले गेले. वैवाहिक जीवनात ‘मुख्य कोण’ हा प्रश्न इतक्या वर्षांत इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी विचारला नव्हता.

फ्रान्सचे नाव निराळ्या कारणाने गळले. सौभाग्यवतींचे वडील तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात नोकरीस होते. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लांवर आदळून डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले, त्या दिवसाविषयी ते घरात जे बोलत ते त्यांनी लहानपणी ऐकले होते. त्याच पर्वताच्या पायथ्याशी, शामोनीला, पाळण्यात बसून वर जाण्यास त्यांचे मन घेईना. यावर मीही कोणता दाखला काढला नाही.

उरलेली कामे दफ्तरी स्वरूपाची. तीस हजार युरोंचा विमा सक्तीचा, त्यात मृत्यू ओढवल्यास देह मायदेशी पाठविण्याची तरतूद असते हे कळल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे परतीचं तिकीट एरवीही आहेच." दुग्धजन्य पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांस मनाई असल्यामुळे साजूक तुपाची बाटली यादीतून कमी झाली, मेतकूट राहिले, भडंग राहिले. वाटेतल्या ब्रेनर खिंडीची उंची १,३७० मीटर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वराएवढीच आहे, ही माहिती मी अद्याप स्वतःपाशीच ठेवली आहे, ती फुटली तर "मग महाबळेश्वरलाच का नाही?" या प्रश्नास माझ्यापाशी जबाब नाही.

अखेर जो तह झाला तो असा: स्वित्झर्लंड मुख्य, मग इन्सब्रुक, मग ब्रेनर ओलांडून बोल्त्सानो, कारण ओत्झीस भेटण्यास उभय पक्षांची ना नाही, आणि शेवटी भाच्याच्या घरी म्युनिक, जेथे गॅलरीत दोरी बांधता येते. माझ्या पक्षास एकच सवलत मिळाली. झुरिकहून इन्सब्रुकला जाणारी गाडी वाटेत लिखटेनस्टाइनमधून जाते. हे संस्थान अवघे १६० चौरस किलोमीटरांचे. लोहमार्ग त्यातून जेमतेम नऊ-दहा किलोमीटर धावतो, आणि ही गाडी तेथे थांबत नाही. "त्या देशाला कळेल तरी का आपण आलो होतो ते?" असे सौभाग्यवतींनी विचारले, परंतु जेथे उतरावयाचे नाही तेथे कपडे वाळविण्याचा प्रश्न उद्भवत नाही, या मुद्द्यावर त्यांनी हरकत मागे घेतली.

अर्ज दाखल करण्याची तारीख मुक्रर झाली आहे. मध्यंतरी, सदर गाडीत कोणत्या बाजूची खिडकी धरली असता लिखटेनस्टाइन अधिक दिसते, हे ज्या वाचकांस स्वानुभवाने ठाऊक असेल, त्यांनी ते कृपा करून लवकर कळवावे. जागा आताच राखून ठेवावयाच्या आहेत.