ईस्ट की वेस्ट?

बोरिवलीत कुणालाही पत्ता सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: ईस्ट की वेस्ट? मधे रेल्वेचे रूळ, ईस्टला नॅशनल पार्क, वेस्टला गोराईची खाडी. एवढ्या भूगोलावर माझी पन्नास वर्षं निभावली. स्टेशनसमोरच्या इंद्रप्रस्थमध्ये हिच्या मागून पिशव्या धरून मी डोळे मिटून फिरतो. गर्दीच्या वेळी विरार गाडीतून बोरिवलीला उतरून दाखवलेला माणूस आहे मी! त्यामुळे ओसाकातले आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, उमेदा स्टेशनखालच्या चिकागाइत भेटू, पण हरवू नका," तेव्हा मला हसूच आलं.

हिला फक्त चीक आणि गाय ऐकू आलं. "खरवस मिळतो का रे तिथे?"

चिकागाइ म्हणजे जमिनीखालची दुकानांची आळी. "चुकलातच तर कारंज्याच्या चौकात या. 'इझुमी नो हिरोबा' म्हणा, कुणीही सांगेल."

नाव उमेदा, पण दहा मिनिटांत आमची उमेद खचली. जेआरचं ओसाका, हांक्यू आणि हानशिन या दोन कंपन्यांची दोन वेगवेगळी ओसाका-उमेदा, शिवाय भुयारी रेल्वेची उमेदा, हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा. सहा स्टेशनं, आणि ती सगळी जोडणारे बोगदे दुकानांनी भरलेले. आम्ही शिरलो तो भाग 1963 सालचा. पुढे शेजारी आणखी आळ्या खोदल्या आणि एकमेकींत सोडल्या. जपानी लोकही या प्रकाराला 'उमेदा डंजन' म्हणतात, ही माहिती आम्हाला नंतर मिळाली.

हिगाशी म्हणजे पूर्व, निशी म्हणजे पश्चिम, हे मोबाइलने सांगितलं तेव्हा मात्र माहेर भेटल्यासारखं झालं. ईस्ट-वेस्ट! पण मधले रूळ कुठायत? रूळ नाहीत, खाडी नाही, ऊनसुद्धा नाही. वडापावच्या वासावर स्टेशनची बाजू ओळखणारा मी. इथे दर वळणावर त्याच गोड पावाचा वास.

सरकत्या जिन्यावर सगळे उजव्या कडेला एकामागे एक उभे, डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी. आम्ही दोघं शेजारी शेजारी, गप्पा मारत. मागे ही रांग! पण "ओ काका, सरका की" असं म्हणेल तर शपथ. कुणी खेकसलं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

ही एका हॉटेलच्या काचेपाशी थबकली. आत नूडल्सचा झुबका हवेत उचललेला आणि वर दोन काड्या अधांतरी. सगळं प्लास्टिकचं. "अन्न असं टांगून ठेवतात का कधी?" एवढं म्हणून ती पुढे निघाली, ती नेमकी उलट्या दिशेला.

चौक विचारला तर एक बाई हातातलं काम टाकून आम्हाला तिथवर सोडायला आल्या. बघतो तर दिव्यांनी लखलखलेलं झाडासारखं काहीतरी. आम्ही कमरेत वाकून आभार मानले, त्या दिसेनाशा होईपर्यंत थांबलो आणि कारंजं शोधायला निघालो. त्या झाडापाशी असे तीनदा आलो. चौथ्यांदा आलो तर खाली चिरंजीव उभे.

"कारंजं कुठाय रे?"

"ते 2019 मध्येच काढलं, बाबा. चौकाचं नाव तेवढं राहिलंय."

चांगला झापणार होतो. पण बोरिवलीत मी स्वतः रिक्षावाल्याला ज्या टॉकीजपाशी सोडायला सांगतो, ती पाडून तिथे टॉवर उभा राहिलाय. रिक्षावाला अजून बरोब्बर तिथेच सोडतो.