दोन जर्मन्या आणि एक परभणी

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या वरच्या खणातून एक पुडकं थेट माझ्या डोक्यावर पडलं. सुतळीनं बांधलेलं, वरचा कागद वाळवीनं कुरतडलेला. सोडून पाहिलं तर युरोपचे कोरे नकाशे. गृहपाठाला वाटायचे तसले, फिकट निळ्या रेघांचे. मोजले, सदतीस भरले. आणि सदतीसच्या सदतीस नकाशांत जर्मनीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत एक रेघ गेलेली.

बायकोनं विचारलं, "रद्दीत घालू?" मी म्हणालो, "थांब जरा." ती म्हणाली, "तीस वर्षं थांबलेच की."

मी तेव्हा जिंतूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायला नुकता लागलो होतो. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन जर्मन्यांची एक झाली. पुढच्या जूनमध्ये नकाशे आणायला मी परभणीला गेलो, तर दुकानदारानं हेच काढून समोर ठेवले. मी म्हणालो, "अहो, जर्मनी एक झाली." तो गठ्ठ्यावरची धूळ फुंकत म्हणाला, "सर, तिकडं झाली असंल. माझ्याकडं अजून दोन रीम दोन हायेत." स्टॉक संपेपर्यंत त्याच्या दुकानात एकीकरण होणार नव्हतं. वर अर्ध्या भावात देतो म्हणाला. मास्तर माणूस अर्ध्या भावापुढं किती तग धरणार?

वर्गात नकाशे वाटले आणि सांगितलं, "मधली रेघ खोडून टाका आणि सगळी जर्मनी एका रंगानं रंगवा." छापील शाई ती, खोडरबराला कुठली दाद देते! पण गुरुजींनी सांगितलंय म्हटल्यावर साठ लेकरं जीव खाऊन घासायला लागली. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या तर अर्ध्या नकाशांत हॅनोव्हरच्या आसपास भोक. एका हुशारानं भोकाच्या मागून एसटीचं तिकीट चिकटवलं होतं, त्यामुळे जर्मनीच्या ऐन मधोमध जिंतूर डेपोचा शिक्का दिसत होता. मी त्याला दहापैकी नऊ दिले. एक मार्क कापला तो इटलीचा बूट उलट्या पायाचा काढला म्हणून.

खरं तर जर्मनीचा धडा आला की आमच्या वर्गाला वेगळंच बळ यायचं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य आमच्याकडचं पोरगं पाढ्यांच्या आधी शिकतं. ते कुठून आलं, याचा उलगडा पारावर बसणाऱ्या प्रत्येकानं आपापला करून ठेवलाय. कुणी म्हणतो, दोघंही हेकट, मोडतील पण वाकणार नाहीत. कुणी म्हणतो, महायुद्धानंतर तिथले रस्ते जसे झाले होते तसे आमचे कायमच असतात. आमच्या शाळेचा शिपाई म्हणायचा, "कशाचं काय सर, यमक जुळलं म्हणून." मला शिपायाचं पटतं. पण हे वर्गात सांगायची छाती कधी झाली नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही दुसरी म्हण आमच्या उरावर बसलेलीच आहे, तेव्हा निदान एक म्हण तरी लेकरांना अंगभर मिरवू द्यावी.

युरोपच्या इतिहासाचा गृहपाठ म्हणजे मुख्यतः 'कारणे लिहा'. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे, औद्योगिक क्रांतीची कारणे, पहिल्या महायुद्धाची कारणे. त्याचं गणित सरळ होतं, जितके मार्क तितकी कारणं. "सर, चार मार्कांला चार लिहू का पाच?" हा प्रश्न मला नोकरीभर दर वर्षी विचारला गेला. पाचवं कारण खरं असलं तरी पोरं ते लिहीत नसत. फुकट कशाला द्यायचं? फ्रान्समधली माणसं पावाला महाग झाली, तुरुंगावर चालून गेली, राजाचं मुंडकं उडवलं, आणि ते सगळं आमच्या वहीत चार मुद्द्यांत, खाली पट्टीनं ओढलेल्या रेघेसकट.

त्यातही आमचा लाडका शब्द होता 'तात्कालिक कारण'. पहिल्या महायुद्धाचं तात्कालिक कारण म्हणजे २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो इथं ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. हे सगळ्यांना पाठ. पण एके वर्षी मी खोलात गेलो. सांगितलं की युवराजाच्या गाडीचा ड्रायव्हर चुकून भलत्याच रस्त्याला वळला, चूक कळल्यावर गाडी मागं घ्यायला थांबला, आणि गाव्रिलो प्रिन्सिप नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा नेमका तिथंच उभा होता. वय वीसच्या आत म्हणून त्याला फाशीसुद्धा झाली नाही. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजी सर, ड्रायव्हरनं कुणाला पत्ता इचारला असता तर युद्ध झालंच नसतं?"

चाळीस मिनिटांच्या तासात याला काय उत्तर देणार? मी म्हणालो, "मूळ कारणं वेगळी असतात रे." तर तोच म्हणाला, "हां, म्हंजी बांधासारखं."

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी महायुद्ध बांधावरच शिकवलं. मराठवाड्यात बांध कोरणं काय असतं हे सांगावं लागत नाही. शेजारी दर नांगरटीला एकेक तास आपल्या अंगाला ओढतो. दोन्ही घरं वर्षानुवर्षं मनात धरून बसतात, लग्नकार्यात एकमेकांच्या पंगतीला जातात, आणि मग एका दिवशी कुणाची तरी शेळी कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरते. डोकी फुटतात. पोलीस पाटील पंचनाम्यात शेळी लिहून घेतो. शेळी हे तात्कालिक कारण. आल्सेस-लॉरेन हा जर्मनी-फ्रान्सचा तसला बांध. १८७१ मध्ये जर्मनीनं तो कोरला, १९१९ मध्ये फ्रान्सनं परत घेतला, १९४० मध्ये जर्मनीनं पुन्हा नांगर घातला, १९४५ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे. पंचाहत्तर वर्षांत चार वेळा मोजणी! बांध गेल्यावर फ्रान्सनं काय केलं ठाऊक आहे? पॅरिसच्या चौकात त्या भागातल्या स्ट्रासबर्ग शहराच्या नावाचा पुतळा होता, त्याला काळं कापड गुंडाळून सुतक पाळलं. हे ऐकल्यावर पोरं माना डोलवायची. त्यांच्या आज्यांनी गेलेल्या वावराचं याहून जास्त सुतक धरलेलं असायचं.

बिस्मार्क, कैसर, व्हर्सायचा तह, सगळं मग आपोआप कळायचं. तह २८ जून १९१९ ला झाला, खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, आणि त्याच आरसेमहालात जिथं १८७१ साली जर्मनांनी आपल्या साम्राज्याची द्वाही फिरवली होती. एका मुलीनं उत्तरात लिहिलं होतं, 'फ्रान्सने मुद्दाम तीच जागा निवडली कारण गावासमोर केलेला अपमान गावासमोरच फेडावा लागतो.' गाईडात हे वाक्य नव्हतं. पेपर तपासनिसाच्या नमुना उत्तरातही नसणार. बोर्डात तिला किती पडले असतील या काळजीनं मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

वह्यांचं काय सांगू. जून-जुलैत त्या नव्या करकरीत, खाकी कव्हरं, नावाची चिठ्ठी. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा व्हायचा आणि वह्या जाड व्हायच्या. नेपोलियनच्या पानात सरकीचे धागे, रशियन राज्यक्रांतीवर हळदीचं बोट, औद्योगिक क्रांतीच्या उत्तरावर झोपलेल्या धाकट्या भावाची लाळ. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस कुठून यायचा, हा प्रश्न मी घालायचो आणि उत्तर वहीच्या घडीतूनच माझ्या टेबलावर सांडायचं. लाल पेनानं 'उशिरा' असा शेरा मारताना मग हात अडखळायचा. लेकरू मानवतच्या बाजारात बापाबरोबर गाडीवर बसून आलेलं असायचं आणि त्याला मी विचारायचो, वाफेच्या इंजिनाचा शोध कोणी लावला.

नेपोलियनचा मात्र आमच्याकडे कधी त्रास झाला नाही. १८१२ साली सहा लाखांच्या आसपास फौज घेऊन तो रशियात शिरला आणि परतीच्या वाटेवर थंडीनं तिची दैना केली, हे परभणीच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबरात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत आमच्या कृषी विद्यापीठाचा आकडा हमखास असतो. "सर, त्यानं शेकोटी का नाही केली?" एवढीच शंका यायची, आणि ती शंका म्हणून वाईट नव्हती.

यंदा आमची भाची बारावीला आहे, आर्ट्सला. २०२० पासून तिचं इतिहासाचं पुस्तक बदललंय आणि पहिलाच धडा युरोपातल्या प्रबोधनाचा. वीस मार्कांच्या प्रकल्पासाठी ती माझ्याकडे आली. तिच्या वर्गातल्या एकानं सराव परीक्षेत लिहिलं म्हणे, 'युरोपात प्रबोधन झाले. त्यासाठी इटलीहून महाराज आले होते.' ती खो खो हसत होती. मला त्या पोराचं चुकलंसं वाटेना. आमच्याकडे भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं, समाजप्रबोधनपर कीर्तन, वेळ रात्री आठ. प्रबोधन म्हटलं की मंडप आला, विणेकरी आला, शेवटी महाप्रसाद आला. तसं पाहिलं तर १५१७ साली चर्चच्या दारावर पंच्याण्णव मुद्द्यांची नोटीस लावणारा मार्टिन ल्यूथर आमच्या कीर्तनात उभा राहिला असता तर शोभलाच असता.

भाचीला मी म्हणालो, "प्रकल्पात एक जोडी लाव. इटलीत दान्ते पंडितांची लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत लिहीत होता, त्याच सुमाराला आपल्या गंगाखेडची जनाबाई जात्यावर बसून मराठीत देवाला फैलावर घेत होती." ती म्हणाली, "मामा, हे मॅडमला चालेल का?" मी म्हणालो, "विचारून बघ." मॅडमनी सांगितलं, धड्यातलंच लिहा. त्यांचंही खरं आहे. पन्नास प्रकल्प तपासायचे तर पन्नास जनाबाया कोण पडताळत बसणार?

पण मला खरी चुटपुट लागलीय ती वेगळ्याच गोष्टीची, जी मला निवृत्तीनंतर वाचताना सापडली. पहिल्या महायुद्धात आपला सातवा निजाम, मीर उस्मान अली खान, यानं इंग्रजांना विमानं घेऊन दिली. डीएच ९ए जातीची. ती ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली, म्हणून तिला हैदराबाद स्क्वाड्रन असं नावच पडलं. आणि १९१८ च्या शरदात या विमानांनी फ्रान्समधून उडून बॉम्ब कुठं टाकले? जर्मन शहरांवर. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. निजामाच्या खजिन्यात आमच्या शेतसाऱ्याचा वाटा होताच. म्हणजे जिंतूर-पाथरीच्या कुण्या पणजोबानं ज्वारी विकून पटवाऱ्याकडे भरलेल्या साऱ्यातला एखादा आणा पंखा बनून जर्मनीवर घिरट्या घालत होता!

एवढं हातात असतं तर मी काय तास घेतला असता. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि मध्ये विमान. मागच्या बाकावरचा नक्की म्हणाला असता, "म्हंजी सर, आपण जिंकलो?" मी म्हणालो असतो, जिंकलो खरे, पण मुक्त व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावं लागलं. आणि घंटा झाली असती.

बांधाची उपमा देणारा तो पोरगा आता चाळिशी ओलांडून पुढं गेलाय. परवा भेटायला आला, सोबत आयटीआय झालेला मुलगा. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, ते पेपरात वाचल्यापासून पोरगा जर्मन शिकतोय. मी त्याला एक वाक्य बोलून दाखव म्हणालो. त्यानं दाखवलं. मला काही कळलं नाही, पण दोन-तीन शब्द थेट शिव्यांसारखे वाजले. बापाच्या चेहऱ्यावर मात्र पहिला नंबर आल्यासारखा आनंद. "सर, ते बाडेन का काय, नकाशात कुठं येतं?" मी पुडकं सोडलं, वरचा नकाशा काढला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग सापडलं, पश्चिम जर्मनीत, फ्रान्सच्या बांधाला अगदी खेटून. पोराचं बोट मात्र मधल्या रेघेवर थांबलं. "ही काय आहे?" बाप म्हणाला, "ती पुसायची राहिलीय."

तो नकाशा पोरगा घडी घालून घेऊन गेला. आता छत्तीस उरलेत. त्यांच्यावर युगोस्लाव्हिया अखंड आहे, चेकोस्लोव्हाकिया जागेवर आहे आणि सोव्हिएत रशिया कागदाच्या उजव्या काठाबाहेर गेलेला आहे. घरातून ते बाहेर काढण्याची मुदत मला संक्रांतीपर्यंत मिळालीय. कुणाच्या लेकराला गृहपाठासाठी हवे असतील तर संध्याकाळी पाचनंतर यावं. पैसे नकोत. रंगपेन्सिली तेवढ्या आपापल्या आणाव्यात, आणि खोडरबर आणू नये.