सामना बाराला, दंगा मध्यरात्रीपासून

अहो, ऐकलंत का? नाही, आधी बसा. उभ्याउभ्या ऐकायची गोष्ट नाही ही.

२०२५ चे गणपती मुलीकडे झाले, कोलंबसला, ओहायोत. चौथा दिवस होता, ३० ऑगस्ट, शनिवार. रात्री दीड वाजता हॉलमध्ये किल्ल्यांचा आवाज आला. चोर म्हणून उठले, तर आमचे जावई! अंगात लालभडक सदरा, गालावर करडे पट्टे ओढलेले, पाठीला पिशवी. म्हटलं, "अहो, कुठे निघालात या वेळी?" तर म्हणतात, "लाइनीत उभं राहायला, आई."

आता हा कोण माणूस, ते लक्षात घ्या. नरकचतुर्दशीला याला अभ्यंगस्नानाला उठवायचं म्हणजे तिघांनी मिळून पांघरूण ओढावं लागतं. आणि सामना किती वाजता? दुपारी बाराला. बरं, तिकीट? तेही नाही! सामना बघायला निघालेच नव्हते ते. सामन्याआधी चार-पाच लोक टेबलाशी बसून सामन्यावर गप्पा मारतात, त्या गप्पांच्या पाठीमागे उभं राहायला निघाले होते. म्हणजे लग्नाचं आमंत्रण नाही, पंगतीत पान नाही, नुसतं मांडवाबाहेर उभं राहून वऱ्हाडाची बडबड ऐकायची. त्यासाठी रात्रीचा दीड!

त्या कार्यक्रमाचं नाव 'कॉलेज गेमडे'. ईएसपीएन या वाहिनीवर १९८७ पासून चालू आहे. सुरुवातीला बिचारे घरच्यासारखे स्टुडिओत बसून बोलायचे. १३ नोव्हेंबर १९९३ ला मात्र त्यांच्या अंगात आलं. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला, नोत्र दाम विद्यापीठात, देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ दुसऱ्या क्रमांकाच्या संघाशी भिडणार होता. हे लोक टेबल-खुर्च्या उचलून थेट तिथेच जाऊन बसले. त्या दिवशी दुसऱ्याने पहिल्याला ३१-२४ हरवलं आणि तेव्हापासून या मंडळींना घर गोड लागेना. दर शनिवारी नवं गाव. कुठे जाणार ते थोडेच दिवस आधी सांगतात, आणि ज्या गावाचं नाव निघतं तिथे माहेरवाशीण येणार असल्यासारखी धावपळ सुरू होते. सकाळी नऊ ते बारा, तीन तास थेट प्रक्षेपण. हे घड्याळ पूर्व किनाऱ्याचं; पश्चिम किनाऱ्यावर ते पोचले की तिथे सकाळचे सहा वाजलेले असतात. दूधवाला आला नसेल अशा वेळी हजारो पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत असतात.

त्या दिवशीची खरी गंमत पुढेच. सामना दाखवणार होती फॉक्स वाहिनी. ईएसपीएनकडे त्याचा एक चेंडूही नव्हता! लग्न एका कार्यालयात आणि सनई दुसऱ्याच्या दारात. फॉक्सचाही २०१९ पासून असाच एक बोलघेवड्यांचा कार्यक्रम आहे, तोही त्याच सकाळी त्याच गावात. दोन तमाशे एका जत्रेत. जावई कुठल्या कनातीत शिरणार हे सांगायला नकोच.

आणि हा सामना फुटबॉलचा, पण आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे हो. चेंडू नारळासारखा, आणि तो काखोटीला मारून पळायचं. व्यावसायिकांचे सामने रविवारी, शनिवार कॉलेजांचा. हंगामाच्या दिवसांत व्यावसायिकांनी शनिवारी कॉलेजांच्या आडवं येऊ नये अशी मेख १९६१ च्या कायद्यातच मारून ठेवलेली आहे. एका विद्यापीठाचं मैदान केवढं असावं? इथल्या ओहायोच्या विद्यापीठाचं एक लाखाच्या वर माणसं घेतं. आपलं वानखेडे तीनदा भरेल. आणि २०२१ पर्यंत खेळणाऱ्या पोरांना स्वतःच्या नावावर साधी जाहिरात करायची चोरी होती. प्रशिक्षक मात्र कोट्यधीश. पण ते जाऊ दे, त्यावर बोलायला लागले तर गौरी येऊन जातील.

सकाळी टीव्ही लावला. एक लांब टेबल, त्यामागे सगळे सुटाबुटात, आणि त्यांच्या पाठीशी ही अलोट गर्दी. म्हणजे वक्त्यांची पाठ श्रोत्यांकडे! आपल्याकडे व्याख्यानमालेत असं कोणी बसलं तर चपला येतील. इथे कोणाला पर्वा नाही, कारण ऐकायला आलंय कोण? प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा फलक, आणि तो वक्त्याच्या कानशिलाजवळून कॅमेऱ्यात कसा घुसेल एवढीच चिंता. टेबलाशी कर्क हर्बस्ट्रीट, हा याच विद्यापीठाचा जुना खेळाडू, म्हणजे घरचा जावई. शेजारी डेस्मंड हॉवर्ड, तो मिशिगनचा, म्हणजे जन्माचा वैरी. त्याने तोंड उघडलं की अख्खी गर्दी 'हूऽऽ' करणार, आणि तो मजेत हसणार. निक सेबन हे सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेले प्रशिक्षक, चेहरा कायम मुख्याध्यापकाचा. आणि एक तो पॅट मॅकॅफी! तो रंगात आला की अंगातला सदरा काढून टाकतो. घरसंसार चालवणाऱ्या, पोराबाळांवाल्या बायका नाश्ता करताना हे बघतात. मीही बघितलं, पण मी पोहे परतत होते.

आता मुख्य माणसाकडे येते. ली कोर्सो. तेव्हा वय वर्षं नव्वद, तीन आठवडे आधीच पूर्ण झालेली. सुरुवातीपासून या कार्यक्रमात. २००९ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन गेला, वाचा अडखळायला लागली, तरी बुवा हटले नाहीत. हातात कायम एक पेन्सिल. त्याचंही कारण आहे: एका पेन्सिल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. तर हे गृहस्थ कार्यक्रमाच्या शेवटी आज कोण जिंकणार ते सांगायचे. सांगायचे म्हणजे तोंडाने नाही. ज्या संघाची बाजू घ्यायची त्याच्या बाहुल्याचं अख्खं मुंडकं डोक्यावर चढवायचे. नव्वद वर्षांचा माणूस! कधी वाघ, कधी बदक, कधी नुसतं झाड. पोरं जी मध्यरात्रीपासून तिष्ठत असायची ती या एका क्षणासाठी.

हे पहिल्यांदा घडलं ५ ऑक्टोबर १९९६ ला, याच कोलंबसात. इथला बाहुला ब्रूटस बकआय. बकआय म्हणजे इथल्या एका झाडाचं बी, खाल्लं तर विषारी, दिसायला थेट आपल्या सुपारीसारखं. तेव्हा अर्धवट सोललेली हसरी सुपारी डोक्यावर घातली, ओहायोने सामना ३८-७ जिंकला, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं या माणसाला स्वतःचं डोकं उरलं नाही. चारशेच्या वर वेळा मुंडकी बदलली. दर तीनांतले सुमारे दोन अंदाज बरोबर. हसू नका, आपल्या ज्योतिषाचा हिशेब कोणी असा उघड्यावर ठेवलाय का?

या माणसाची मूळची करामत ऐका. टीव्हीवर येण्याआधी हे इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. १९७६ साली ओहायोशी सामना. इंडियाना म्हणजे तेव्हा कायम मार खाणारं पोर. पण त्या दिवशी कसे कोण जाणे, ७-६ असे पुढे गेले. बुवांनी काय करावं? खेळ थांबवला, सगळा संघ गोळा केला, गुणफलकाखाली उभं केलं आणि फोटो काढून घेतला! न जाणो, पुन्हा असा आकडा दिसेल न दिसेल. दिसला नाहीच. सामना ४७-७ ने हरले. पण फोटो आहे! अशा माणसावर राग तरी कसा धरायचा?

धरायला हवा होता मात्र. २०११ च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनला, थेट प्रक्षेपणात, हातातला भोंगा भिरकावताना तोंडातून असा एक शब्द काढला की तो मी तुमच्यासमोर उच्चारणार नाही. लेकीने मला कानात सांगितला, तेव्हा मी हातातलं लाटणंसुद्धा खाली ठेवलं. त्याच दिवशी माफी मागितली म्हणे. आणि २०१३ मध्ये क्लेमसनला बिल मरे या नटाने यांना चक्क उचलून आपटलं, भर मंचावर, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला! लोक टाळ्या वाजवत होते. पाहुणा म्हणून येणाऱ्या या कलावंतांना तर धरबंधच नाही. केटी पेरी २०१४ मध्ये मिसिसिपीत आली ती मक्याच्या पिठात तळलेले, काडीला टोचलेले सॉसेज मुठीत घेऊन, आणि ते फेकत सुटली. अन्न फेकणं! शिवाय टीव्हीवरून भलत्याच कॉलेजच्या खेळाडूला फोन करायला सांगत होती. आईबाप बघत असतील याचा तरी विचार.

फलकांचीही एक कथा सांगते. २०१९ मध्ये आयोवातल्या एम्स गावी एका पोराने फलकावर लिहिलं: माझी बिअर संपत आलीये, पैसे पाठवा. खाली पैसे पाठवायचा पत्ताही. भीक, तीही दारूसाठी, तीही देशासमोर! मी डोक्याला हात लावला. आणि लोकांनी पाठवले हो, धडाधड. मग त्या पोराला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, एका पेटीपुरते ठेवतो, बाकी लहान मुलांच्या हॉस्पिटलला. बिअरवाली कंपनी पुढे आली, पैसे पोचवणारी कंपनी आली, आणि गोळा झाले तीस लाख डॉलरच्या वर. आता सांगा, नावं कोणाला ठेवायची? इथे माझी जरा पंचाईत झाली, म्हणून मी चहा टाकला.

पण याहून वेडे वेगळेच. तो एक झेंडा आहे, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा, किरमिजी रंगाचा. विद्यापीठ पार वायव्येच्या टोकाला, पुलमन नावाच्या गावात. २००३ मध्ये तिथला एक जुना विद्यार्थी ऑस्टिनला, म्हणजे टेक्ससमध्ये, हा झेंडा घेऊन गर्दीत उभा राहिला. कशाला? तर आमच्याही गावी या, एवढंच म्हणायला. तेव्हापासून कार्यक्रम कुठेही असो, सामना कोणाचाही असो, मागे हा झेंडा फडकतोच. पार्सलने या गावाहून त्या गावाला जातो, तिथला कोणीतरी उचलतो, मग पुढे पाठवतो. गावोगावची माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत, पण झेंडा चुकत नाही. आणि गेमडेवाले पुलमनला केव्हा गेले? २० ऑक्टोबर २०१८ ला. पंधरा वर्षांनी! मुलगी दाखवायला पंधरा वर्षं आणि पाहुणे येतात ते पोहे खायला. हे ऐकताना मात्र माझ्या घशाशी काहीतरी आलं. फोडणीचा धूर असेल.

तर त्या शनिवारी कोर्सोंचा शेवटचा कार्यक्रम होता. जिथे पहिली सुपारी घातली तिथेच शेवटची घालायची, म्हणून कोलंबस. सकाळच्या आरतीला मी देवापुढे गेले तर मखराचा एक पाखा गायब! बाप्पा बसलेला असताना! बाप्पाच्या कानामागे नुसती भिंत. मला वाटलं नातवाने पाडला. त्याला दोन धपाटे घालून झाले, रडून झालं, मोदक देऊन झाला. पाखा काही सापडेना. जावयांची वाट न बघता आरती उरकली.

बारा वाजत आले. सगळे टेबलवाले डोळे पुसायला लागले, तो सदरा काढणारासुद्धा. आजोबांनी थरथरत्या हातांनी ब्रूटसचं मुंडकं डोक्यावर चढवलं. गर्दीने जो आवाज केला तो टीव्हीतून आला की खिडकीतून, मला कळलं नाही. (ओहायो जिंकली हो, १४-७. त्या दिवशीचे म्हातारबुवांचे सगळेच अंदाज खरे ठरले.) लेक रडत होती. मीही जरा पुढे सरकून बसले, चष्मा पुसला, तेवढ्यात त्या सुपारीच्या डाव्या कानामागे एक पांढरा पुठ्ठा डोलताना दिसला. कडेला जरीची लेस.

ठाण्याहून नेलेली लेस, चार रात्री बसून मी चिकटवलेली! वर काय खरडलं होतं ते वाचता आलं नाही. कॅमेरा सरकला, परत आला, पुठ्ठा अजून तिथेच. मी फोन उचलला आणि ठाण्याला बहिणीला लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, ती टीव्हीसमोरच होती. म्हटलं, "लवकर लाव, लवकर! डावीकडे बघ. दिसली?" ती म्हणाली, "दिसली गं. पण खालच्या कोपऱ्यात वाकडी लागलीये."