गौण आकाश

ओळख पटवण्याच्या बाबतीत नंदुरबार जिल्हा देशात पहिला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोबत सोनिया गांधी होत्या, आणि देशातली पहिली आधार कार्डं तिथल्या गावकऱ्यांच्या हातात पडली. त्यानंतर या जिल्ह्यातल्या माणसाला अनोळखी राहण्याची सोयच उरली नाही. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटला नाही तर तांदूळ अडतो, मग तो अंगठा निंदणी-कापणीनं झिजलेला का असेना. मोटारसायकलीचा एमएच ३९ चा नंबर कोणीही परका मोबाइलवर टाकून पाहू शकतो. अशा चोख जिल्ह्यात, समजा, धडगावच्या डोंगरात एखादं खासगी जेट मोहाच्या शेंड्यांना वारा घालत निघून गेलं, तर ते कोणाचं, आत कोण आणि चालवणारा कोण, हे विचारायला जायचं कुठे? हे नजरचुकीनं राहून गेलंय असं समजू नये. आपल्या विमान कायद्यानं खालच्या माणसाला साक्षीदार म्हणूनसुद्धा जागा ठेवलेली नाही, आणि याचे पुरावे सरकारीच आहेत.

नियम नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. १९३७ च्या विमान नियमांतला २१ वा नियम धोकादायक उड्डाणाचाच आहे: कमी उंचीमुळे, माणसांच्या किंवा घरांच्या जवळून गेल्यामुळे विनाकारण धोका होईल असं विमान उडवायचं नाही. डोळ्यांनी वाट बघत उडणाऱ्यानं दाट वस्तीवर सुमारे तीनशे मीटर आणि इतरत्र दीडशे मीटर वर राहायचं. उपकरणांच्या भरवशावर डोंगराळ मुलखातून जाणाऱ्यानं सगळ्यात उंच अडथळ्याच्याही सहाशे मीटर वर. मुद्दाम धोका निर्माण केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर सातपुड्याचं आकाश शनिवारवाड्यावरच्या आकाशाइतकंच सुरक्षित आहे. पण १९३४ च्या विमान कायद्यातच १७ वं कलम होतं. वारा, हवामान आणि एकूण परिस्थिती बघता वाजवी उंचीवरून विमान गेलं असेल, तर निव्वळ तेवढ्यावरून जमीनमालकाला अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा लावता येत नाही. बांधावरून नांगर हातभर सरकला तर मोजणी, तहसील, प्रांत असं करत दावा नातवापर्यंत पोहोचतो. त्याच सातबाऱ्याच्या डोक्यावरून मात्र करोडोंचं यंत्र जाऊ शकतं आणि ‘वाजवी’ किती मीटर हे वारा ठरवतो. १ जानेवारी २०२५ पासून कायद्याचं नाव भारतीय वायुयान अधिनियम झालं. नाव तरी आता धडगावात कळेल असं आहे.

दावा नाही तर नाही, पोलिसात जावं म्हटलं तर देवघरचा धडा आहे. झारखंडमधल्या देवघरच्या विमानतळावरून ऑगस्ट २०२२ मध्ये निशिकांत दुबे, मनोज तिवारी या खासदारांचं चार्टर्ड विमान सूर्यास्तानंतर उडालं. परवानगीसाठी नियंत्रण कक्षावर दबाव आणल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयानं तो रद्द केला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला: विमान कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घ्यायची तर तक्रार अधिकृत विमान अधिकाऱ्याची, नाहीतर त्याच्या लेखी मंजुरीची हवी, पोलिसांनी गोळा केलेलं साहित्य त्याच्याकडे धाडावं. कायद्याच्या अंगानं यात खोट काढण्याची माझी प्राज्ञा नाही. पण याचा मोलगीच्या पोलीस ठाण्यात अर्थ असा, की ठाणे अंमलदारानं कागद घ्यायचा आणि दिल्लीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे पाठवायचा. दिल्ली विचारणार, विमानाचं नोंदणीचिन्ह काय? आंतरराष्ट्रीय नियमानुसार पंखाखालचं अक्षर किमान पन्नास सेंटीमीटर उंच हवं. दीडशे मीटरवरून ते वाचणं म्हणजे सहा मीटरवरून दोन सेंटीमीटरचं अक्षर वाचणं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसून जमेल. इथे तक्ता ताशी साडेचारशे किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला सव्वाशे मीटरनं पळतोय, आणि वाचणारा कान झाकून शेळ्या आवरतोय. बरं, कॉकपिटमधलं संभाषण टिपणारं यंत्र साधारणतः शेवटचे दोन तास सांभाळतं आणि मागचं पुसत जातं. नर्मदेकाठच्या पाड्यावरून तक्रारदार मोलगीला पोहोचेपर्यंत वैमानिक बहुधा हॉटेलच्या खोलीत पोहोचलेला असतो. दुर्घटना किंवा गंभीर प्रसंग घडला तर तो चोवीस तासांच्या आत कळवण्याची जबाबदारी मालकावर, चालक कंपनीवर आणि वैमानिकावर आहे. चोरानं स्वतः ठाण्यात येऊन वर्दी द्यावी, अशी ही विश्वासाची व्यवस्था. विमान मंत्रालयाचं ‘एअर सेवा’ पोर्टल २०१६ पासून आहेच, पण ते सामान हरवलेल्या, तिकिटाचे पैसे अडकलेल्या प्रवाशांसाठी. विमान ज्याच्या डोक्यावरून गेलं तो कुठल्याच व्याख्येनं प्रवासी नाही.

आता शहाणी माणसं म्हणतील की खेडूताला उंची काय कळते? विमान मोठं असलं की जवळ वाटतं, आवाज दऱ्यांत घुमला की अधिकच. यात तथ्य आहे, आणि सपाटीवरच्या साक्षीदाराबाबत मी ते मान्य करतो. पण आपला जिल्हा सपाट नाही. तोरणमाळचं पठार हजार मीटरच्या वर आहे, अस्तंबा १३२५ मीटर. पठाराच्या कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला विमानाची पाठ दिसली, तर उंचीचा अंदाज करायला त्याला भूमिती लागत नाही. सहाशे मीटरचा नियम मोडला की नाही हे ठरवायला मान वर होती की खाली एवढं सांगितलं तरी पुरे. देशात असे साक्षीदार फार थोड्या जिल्ह्यांकडे आहेत. आपण त्यांना तज्ज्ञ म्हणून मानधनावर नेमायला हवं.

दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा. हल्ली जगातलं प्रत्येक विमान ॲपवर दिसतं, तक्रारी कसल्या करता, बघा आणि ओळखा! ही ॲपं विमानानं स्वतः पाठवलेले संकेत जमिनीवरच्या ग्राहक यंत्रांवर टिपतात आणि ती यंत्रं ठिकठिकाणी हौशी लोकांनी बसवलेली असतात. संकेत सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला की संपला. म्हणजे मुंबई-दिल्ली वाटेवरचं दहा किलोमीटर उंचीवरचं, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं विमान ॲपवर ठळक दिसतं आणि दरीत उतरलेलं तेवढं गायब. जमिनीवरच्या रडारलाही हीच अडचण. विमान जितकं खाली, तितकं ते यंत्रांना कमी दिसतं आणि माणसांना जास्त. नेमक्या ज्या क्षणी गुन्हा होतो, त्या क्षणी एकमेव चालू उपकरण म्हणजे गुराखी. आणि त्याचंच वाचन ग्राह्य नाही.

तिसरा आक्षेप सभ्य आहे: आत बसलेल्यांची सुरक्षा आणि खासगीपणा. इलॉन मस्क यांच्या जेटची जाहीर माहिती जोडून ठावठिकाणा सांगणारं ट्विटर खातं डिसेंबर २०२२ मध्ये, खुद्द मस्क ट्विटरचे मालक असताना, बंद झालं. अमेरिकेत तर मालकानं विनंती केली की सरकारी माहितीतून विमान झाकण्याची रीतसर सोय आहे. श्रीमंतांना खासगीपणा असू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. तो दहा किलोमीटर उंचीवर पूर्णपणे उपलब्ध आहे. ज्याला जगापासून लपायचंय त्यानं कौलांजवळ येऊ नये, एवढी माफक अट.

आणि खालच्या माणसाच्या नजरेला इतकं हलकं लेखायचं कारणही दिसत नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात एका अँतोनोव्ह विमानानं शेकडो रायफली खाली टाकल्या. सकाळी गावकऱ्यांना शेतात आणि माळावर शस्त्रं सापडली, तेव्हा कुठे देशाला समजलं की आपल्या आकाशातून कोणी येऊन गेलं. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारताच्या आकाशात आलं आणि मुंबईत उतरवलं गेलं. वैमानिक सापडले, जन्मठेपही झाली. मुख्य सूत्रधार किम डेव्ही मात्र त्याच मुंबई विमानतळावरून निसटला आणि पुढे डेन्मार्कच्या न्यायालयांनी त्याला भारताच्या हवाली करायला नकार दिला. इकडे खानदेशात १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं छोटं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ वैमानिक गंभीर जखमी झाली. तिच्यापर्यंत आधी पोहोचले ते आसपासचे आदिवासी. त्यांनी लाकडाला कापड बांधून झोळी केली आणि तिला डोंगर उतरवून आणलं. रस्ता नसलेल्या पाड्यांवरच्या बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी, वर्तमानपत्रांनी थट्टेनं ‘बांबूलन्स’ म्हटलेली झोळी ती हीच. विमान पडलं की ज्यांच्यावाचून चालत नाही, त्यांना विमान पडण्याआधी विचारायचं नाही, असं हे शिस्तबद्ध धोरण आहे.

उपाय महागडा नाही. २०२३ मध्ये केंद्रानं चाचणी म्हणून देशभरातले मोबाइल एकदम बोंबलवले होते. मीटिंगमधले, देवळातले, मोलकरणीच्या पिशवीतले. तेच तंत्र वापरून, ठरल्या उंचीखाली उतरलेल्या विमानाचं चिन्ह, मालक आणि वैमानिकाचं नाव खालच्या मोबाइलवर धाडावं. धडगावात रेंज नाही ही सबब सरकारनं सांगू नये, कारण ती सरकारचीच देणगी आहे. ते होईपर्यंत १९९६ चा पेसा कायदा हाताशी आहे. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिज आणि गौण वनोपज यांबाबत ग्रामसभेला अधिकार आहेत. त्याच धर्तीवर जमिनीपासून दीडशे मीटरपर्यंतचा पट्टा ‘गौण आकाश’ जाहीर करावा. त्यातून विनापरवाना गेलेल्या वैमानिकानं पुढच्या ग्रामसभेला हजर राहून खुलासा करावा, अशी नोटीस काढावी. पत्ता सापडणार नाही, हे आलंच. पण माणूस सापडला नाही की नोटीस त्याच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणी डकवायची, हा महसूल खात्याचा जुना शिरस्ता आहे. तलाठ्यानं शिडीची मागणी तहसीलला आत्ताच पाठवून ठेवावी.