बाणभाऊ

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचे बाणभाऊ (खरं नाव आधार कार्डावर सुखरूप आहे) पुण्याच्या एका कंपनीचं पर्ल या संगणकभाषेतलं काम घरबसल्या करतात. करतात म्हणजे इतरांनी केलेलं तपासतात. तपासतात म्हणजे ‘हळद->न्यू’ असं बाण घालून लिहायचं सोडून कुठं कुणी ‘न्यू हळद’ असं लिहिलंय का, एवढंच शोधतात. सापडलं की रात्री साडेअकराला त्या पोराला फोन.

“कामून लिहिलास? आधी हळद, मग बाण, मग न्यू!”

“दादा, चालायलंय की.”

“चालायलंय म्हणूनच भ्या वाटतंय!”

पुढं अर्धा तास पुराण. लॅरी वॉल, भाषाशास्त्र शिकलेला माणूस. १९८७ साली पर्ल काढली. १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत ऑब्जेक्ट आले, तेव्हा इंग्रजी वळणानं क्रियापद आधी घालायची मुभाही ठेवली. पण तसं लिहिलं की न्यू कुणाचं, हळद म्हणजे काय, हे पर्लला अंदाजानं ठरवावं लागतं. त्याच फायलीत तुमचंच ‘न्यू’ नावाचं फंक्शन आधी असेल, तर हाक त्यालाच जाऊ शकते. ही मुभा बंद करायची सोय २०२० साली ५.३२ मध्ये आली; २०२२ पासून ‘यूज व्ही५.३६’ लिहिलं की ती आपोआप बंद. ही सालं भाऊ लेकरांच्या जन्मसालांसारखी सांगतात. स्वतःच्या लेकरांची मात्र वहिनींना विचारतात.

“आपण ‘गण्या, पाणी आण’ म्हणतो. आधी गण्या! बाण मराठीच आहे. आणि औंढ्याला नामदेवासाठी अख्खं देऊळ फिरलं. तुला दोन शब्द फिरवायला होईनात?”

घरीही तेच. वहिनी म्हणाल्या, “आणा हो दूध.”

“कोणी आणायचं ते आधी सांग.”

“घरात दुसरं कोण आहे?”

“हाच! हाच पर्लचा अंदाज! उद्या साडू आले म्हणजे?”

दिवाळीत साडू आले. ‘आणा हो दूध’ ऐकून तेच उठले, आणि दोन तासांनी मिठाई घेऊन परतले. भाऊंना इतकं समाधान लग्नातही झालं नसेल.

परवा भाऊंच्या वडिलांच्या आडतीवर गेलो. हळदीच्या पोत्यांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम भाऊंनीच कॉलेजात असताना लिहिलेला. सहज उघडून पाहिला. ‘न्यू पोतं’. खाली ‘न्यू पावती’. पार शेवटपर्यंत तेच. मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी हळूच खिडकी मिटवली, स्क्रीनवरची.

“ऐन हंगामात हात लावायचा नसतो,” ते म्हणाले.

बाहेर श्रावणाची झड लागली होती.