कळावे, लोभ असावा, अनसबस्क्राइब नसावे

भोसरीत आपले ऑइल सीलचे दुकान आहे, गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे दीडशे कारखाने, आणि साहेब कुठल्याशा सेमिनारहून डोक्यात 'न्यूजलेटर' घेऊन आले आहेत. असे झाल्यास घाबरू नये, पुढीलप्रमाणे वागावे.

आधी यादी. प्रदर्शनात काचेच्या बरणीत जमलेली व्हिजिटिंग कार्डे हीच यादी. त्यात खरेदी खात्यातला कोण, स्टॉलवर नुसता पाणी प्यायला आलेला कोण, असल्या चौकशा करू नयेत. सगळे पत्ते 'टू'मध्येच घालावेत, बीसीसी हा लाजाळूंचा मार्ग. गिऱ्हाइकांची आपसात ओळख होते आणि समोरच्या गल्लीतल्या सीलवाल्याला (बरणीत त्याचेही कार्ड असतेच) आपली यादी आयती मिळते. परंपराही थोर आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना संगणकाची जाहिरात एकदम धाडली, तेव्हा पत्ते रकान्यात न मावून मजकुरात सांडले होते. लोक भयंकर चिडले. आपण अजून तिथेच आहोत.

विषयाच्या ओळीत 'न्यूजलेटर – अंक ३' एवढेच लिहावे. '४०-६२-१० मापाचे सील स्टॉकमध्ये, उद्या डिस्पॅच' असे लिहिले तर माणूस मेल उघडेल, आणि मग उद्या माल द्यावा लागेल.

मजकुरात सर्वात वर साहेब, फेट्यासह. खाली 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास'. हे सगळे मिळून एकच चित्र करावे. पुष्कळ कचेऱ्यांतले आउटलुक परवानगीशिवाय चित्र दाखवत नाही, त्यामुळे ध्यासाच्या जागी गिऱ्हाइकाला रिकामी चौकट दिसते. तेवढ्यात काउंटरवरचे काका येऊन म्हणतील, ''अरे, हे लिही की. गिअरबॉक्स शंभर अंशाच्या वर तापत असेल तर नायट्रायलचं सील कडक होतं, ओठाला चिरा जातात, तेल गळतं. तिथं व्हायटॉन घाला म्हणावं. महाग पडतं, पण टिकतं.'' काकांना चहा पाजावा आणि परत काउंटरवर पाठवावे. असल्या चार ओळी मेंटेनन्सवाला छापून भिंतीला चिकटवतो. मग फेट्याकडे कोण बघणार?

'पुन्हा पाठवू नका'ची लिंक तळाशी, फिक्या राखाडीत द्यावी. जीमेल साधारण १०२ केबीपुढचा मजकूर कापते, तेव्हा पाल्हाळ पुरेसे लावल्यास तीही दिसेनाशी होते. लिंक न सापडलेला माणूस 'स्पॅम'चे बटण दाबतो. दीडशेत एकाने दाबले तरी ०.६७ टक्के, गूगल ०.३ च्या आत राहा म्हणते. पुढे आपली कोटेशनेही स्पॅममध्ये जाऊन पडू लागतात, पण तो विषय अकाउंट्सचा.

पाठवण्याचा वार गुरुवार. त्या दिवशी भोसरीत साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे कोणाच्या कामात व्यत्यय नाही. शुक्रवारी साहेबांना 'ओपन रेट' दाखवावा. २०२१ पासून ॲपलचे मेल चित्रे स्वतःच आधी उतरवून घेते, म्हणजे न उघडलेले पत्रही उघडलेले मोजले जाते. साहेब खूश होतात, पुढच्या अंकात फेटा बदलतात.

आमच्या तिसऱ्या अंकाला एक उत्तरही आले. चाकणहून. ''४०-६२-१० आहे का? २० नग, अर्जंट, लाइन बंद आहे.'' न्यूजलेटरसाठी वेगळा मेल काढला होता आणि त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या मुलाकडे होता, म्हणून ते आम्ही नवव्या दिवशी वाचले. माल आमच्या मांडणीवर होता. सील समोरच्या गल्लीतून गेले.