अप्पांची बॅच

महाडमध्ये नोकरीतून निवृत्त झालेली माणसं साधारण दोन प्रकारची. पहिला प्रकार पहाटे दस्तुरी नाक्यापर्यंत चालून येतो, पेपर वाचतो आणि गावाचं पुढे कसं व्हायचं या काळजीत जेवायला बसतो. दुसरा प्रकार म्हणजे बिरवाडीच्या एमआयडीसीत उमेदीची वर्षं तीन पाळ्यांत काढून घरी आलेला केमिकल प्लांटचा ऑपरेटर. घरात आल्यावर त्याला प्लांट सापडत नाही, म्हणून तो प्लांटसारखं काहीतरी शोधतो. स्वयंपाकघरात त्याला मिक्सर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो तिथे ड्यूटीवर रुजू होतो.

आमच्या आळीत या प्रकाराचे अप्पा आहेत. शेजारच्या आळीतही आहेत. तेव्हा कोणी हे अंगाला लावून घेऊ नये.

इथला उन्हाळा अप्पांच्या धंद्याला पोषक. महाड-पोलादपूर म्हणजे नावाला कोकण; समुद्र कुठे दिसत नाही, घाम मात्र समुद्रकाठचाच. तीन बाजूंनी डोंगर, वारा बंद, आणि दुपारी दोनला पाहुणा दारात. इतर घरांत पाण्याचा तांब्या येतो. अप्पा विचारतात, "बॅच लावू का?"

पाहुण्याने हो म्हणायची वाट बघायची पद्धत नाही. मुंबईहून आलेल्या भाच्याने एकदा चुकून "अप्पा, याला स्मूदी म्हणतात" असं सांगितलं. अप्पा म्हणाले, "काय म्हणायचं ते मुंबईत म्हण. इथे बॅच नंबर पडतो."

नंबर खरंच पडतो. कंपनीच्या जुन्या डायरीत कोरी राहिलेली पानं आहेत, त्यांत रकाने आखलेत: तारीख, चार्ज केलेलं मटेरियल, चालू वेळ, बंद वेळ, निरीक्षण, ऑपरेटरची सही. शेवटचा रकाना "तपासणारा" असा आहे. तो काकूंसाठी. काकूंनी आजवर त्यात सही केलेली नाही. एकदा दूधवाल्याचा हिशेब मात्र लिहिला होता.

कच्चा माल कुठून येतो याचीही नोंद असते. पोलादपूरकडच्या गावातून फणस, रातांबे आणि रायवळ आंबे. करवंदं-जांभळं बाजारात द्रोण मांडून बसलेल्या कातकरी बायकांकडून. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने उतरते. त्या वळणांवर निम्मी स्ट्रॉबेरी पेटीतच दळून निघते. ती अप्पा "प्री-मिक्स" म्हणून स्वस्तात मागतात. हापूस घेताना मात्र ते छाती काढून उभे राहतात. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगडही आहे, हे ते प्रत्येक रत्नागिरीकराला ऐकवतात. त्याआधी 2016 साली कोकमाला मिळालेलं मानांकन सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या नावावर गेलं, हा विषय त्यांच्यासमोर काढू नये. "कशेडी घाटाच्या पलीकडचा रातांबा आंबट आणि अलीकडचा काय गूळ लागतो काय?" या प्रश्नाचं उत्तर अजून कोणाला देता आलेलं नाही.

प्रत्यक्ष काम सुरू झालं की अप्पांचा आवाज बदलतो. नातवंडांनी ओट्यापासून दोन फरश्या मागे उभं राहायचं. झाकणावर हात ठेवल्याशिवाय बटण नाही. आधी पातळ माल, मग मऊ फळ, गोठवलेलं सगळ्यात शेवटी. उलट केलं की पातं नुसतं हवेत फिरतं आणि मोटर तापते. सलग फिरवायचं नाही, थांबून थांबून. बर्फ शक्यतो नाहीच, कारण त्याने "कॉन्सन्ट्रेशन पडतं". त्याऐवजी फळाच्याच फोडी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये. दोन वाट्या रायवळचा गाळलेला रस, एक गोठवलेलं वेलची केळं, अर्धी वाटी घट्ट दही आणि चिमूटभर मीठ ही त्यांची स्टँडर्ड बॅच. खरं सांगायचं तर ती अप्रतिम असते. फणस घालायचा तर बरका. काप्याचे गरे मिक्सरमध्ये एकमेकांच्या मागे धावत राहतात.

बॅच फेलही जाते. तेव्हा अप्पा जास्त खुलतात. अननस आणि दूध फिरवून ठेवलं, अर्ध्या तासात कडू. घरातल्या बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली, अप्पांनी खुर्ची पुढे ओढली. कच्च्या अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून कडवटपणा. अननस आधी शिजवून घेतला तर ते एन्झाइम मरतं, हे त्यांनी आळीतल्या सहा घरांना वैयक्तिक भेटून सांगितलं. मग कोकमाचा रस गाईच्या दुधात घातला. दूध फुटलं. अप्पांनी मूळ कारण शोधलं, "आम्लाने केसीन फुटतं," असं निरीक्षण लिहिलं आणि दुरुस्ती म्हणून केसीन नसलेलं दूध निवडलं: नारळाचं. बॅच सुंदर जमली, गुलाबी रंग आला. अप्पा पेला घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अहो, सोलकढी आहे ही. लसूण-मिरची राहिली."

अप्पांनी डायरीत लिहिलं: "प्रोसेस आधीपासून उपलब्ध."

मिक्सरची जागा माळ्यावर, शिडी लावून काढावी लागेल इतकी उंच. का, हे महाडात कोणी विचारत नाही. 22 जुलै 2021 ला सावित्री-गांधारीचं पाणी घराघरांत शिरलं, आणि ओसरल्यावर रस्त्याकडेला फ्रीज, गाद्या, मिक्सर यांचे ढीग लागले होते. अप्पांचा आधीचा मिक्सर त्यातच गेला. तेव्हापासून घरात त्यांनी भिंतीवर पाण्याची रेघ मारून ठेवली आहे आणि यंत्रसामग्री रेघेच्या वर राहते. म्हणून प्रत्येक बॅचच्या आधी शिडी, आणि शिडीच्या आधी नातवाला हाक. वादळी पावसात मध्येच लाईट गेली तर अर्धवट फिरलेल्या भांड्यावर कागद चिकटवला जातो: "होल्ड. हात लावू नये." लाईट येईपर्यंत आंब्याचा रस त्या कागदाखाली अटकेत.

आळीतली पोरं हसतात. मीही हसायचो. एकदा दुपारी पेल्यात करवंदाची बॅच ओतता ओतता अप्पा सहज बोलून गेले. "एका रिअॅक्टरमध्ये टनाने माल काढला रे. रंग बघायचो, तापमान बघायचो, सॅम्पल काढून लॅबला पाठवायचो. पास झालं की ड्रम भरून ट्रकने बाहेर. कुठे गेलं, कोणी वापरलं, माहीत नाही. आणि चाखायचं तर सोड, वाससुद्धा मास्कमधून." मग पेला माझ्यापुढे सरकवला. "हा पहिला माल, जो बनवणाऱ्यासमोर गिऱ्हाईक पितं."

त्यानंतर त्या डायरीकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. माणूस आयुष्यभर लॅबच्या चिठ्ठीवरून ओळखायचा की आपलं काम बरं झालं. आता समोरचा माणूस घोट घेतो, त्याच्या भुवया वर जातात, मिशीला फेस लागतो, आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. त्या भुवयांसाठी अप्पा शिडी चढतात.

म्हणूनच "आवडलं का?" असं ते कधी विचारत नाहीत. ते विचारतात, "स्पेकमध्ये आहे का?" आणि इथे नवखा पाहुणा फसतो. तो म्हणतो, "वा, अप्पा, फारच छान!" झालं. बॅच पास. पेला धुवायला जातो, डायरी मिटते, दुसरा पेला मिळत नाही. कारण पास झालेल्या मालात ऑपरेटरला पुढे काही करायचं उरत नाही.

जाणकार शेजारी पेला अर्धा संपवतो, कपाळाला बारीक आठी घालतो आणि म्हणतो, "चव आहे, पण दाटपणा जरा कमी वाटतो." अप्पांचे डोळे चमकतात. "रिवर्क करू!" शिडी पुन्हा लागते, आणखी अर्धं केळं पडतं, आणि नवा पेला भरून समोर येतो, यावेळी काठोकाठ.

तेव्हा महाडला कधी असल्या घरी उन्हाचे गेलात, तर तहान किती आहे ते आधी ठरवा. थोडी असेल तर "पास" म्हणून सही करा आणि सुटा. जास्त असेल तर खोट काढा. मी नेहमी मीठ कमी पडलंय म्हणतो.